सातव्या पानावरची अर्धी ओळ

एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते एकोणीस वर्षं माझ्या शब्दकोशात पडून होतं. कोश जाडजूड, उचलायला दोन्ही हात लागतात, आणि टेबलावर ठेवला की 'जाणे' या क्रियापदापाशी आपोआप उघडायचा, कारण तिथली शिवण त्या पाकिटाने सैल केली होती. 'जाणे'ला त्या कोशात पावणेदोन पानं दिली आहेत. एका जागेहून दुसऱ्या जागी पोचणे, इथून सुरुवात होते. मग नाहीसे होणे, बिघडणे, सरणे, निभावणे, आणि पान उलटल्यावर, अगदी तळाशी, मरणे. वीज जाते, रंग जातो, आवाज जातो, वेळ जातो, दात जातात. माणूस कामाला जातो आणि माणूस जातो. उत्तर लिहायला बसलो की मी कोश उघडायचो पत्र काढायला, आणि कोशच वाचत बसायचो. हे सांगताना मला लाज वाटते, कारण उत्तरं देणं हाच माझा पेशा होता. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात छत्तीस वर्षं मी रोज चाळीस पत्रांना उत्तरं दिली. कुणाला नाही म्हणायचं असेल तर तीन परिच्छेदांत, मन न दुखवता. आमच्या व्यावसायिक पत्रलेखक संघाने नव्या सभासदांसाठी काढलेली पुस्तिकाही मीच लिहिली. तिच्यातला पहिला नियम असा: पत्र कुठलंही असो, तिसऱ्या दिवशी उत्तर टपालात पडलं पाहिजे. पुस्तिकेच्या सात आवृत्त्या निघाल्या. नियम एकीतही बदलला नाही.

मंगळवारी सकाळी संघाच्या चिटणीसबाईंचा फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होतो. चष्मा कपाळावर होता, पण ते फोन ठेवल्यावर कळलं. चिटणीसबाई चाळिशीच्या आहेत, एका टेलिफोन कंपनीत संवादप्रमुख, आणि त्यांच्या बोलण्यात श्वास घ्यायला जागा नसते.

"सर, मेल पाठवलाय. तुम्ही उघडणार नाही म्हणून फोन केला."

"उघडला असता हो. संध्याकाळपर्यंत."

"शुक्रवारी अंक छपाईला जातोय सर. शेवटचा अंक! रडू नका हं."

मी रडत नव्हतो. संघात काय काय बदलतंय ते मला महिनाभर आधीपासून ठाऊक होतं, आणि मला ते पटलंही होतं. आमचं मासिक या अंकानंतर बंद. त्याऐवजी दर पंधरवड्याला सगळ्यांच्या फोनवर एक छोटंसं पत्रक येणार. बंदरापलीकडच्या शहरातला असाच एक संघ आमच्यात मिसळणार. चष्म्याच्या दुकानावरच्या आमच्या दोन खोल्या सोडायच्या. नावातला 'पत्रलेखक' काढून 'संवादक' घालायचा. आणि सातव्या पानावरचं 'बदल' हे सदर, जे मी एकतीस वर्षं लिहिलं, तेही आता नाही: कोण कुठल्या कंपनीतून कुठे लागलं, कुणाला बढती, कुणाचा पत्ता बदलला, कोण निवृत्त, कोण आता आपल्यात नाही. सभासद आपापली बातमी आपणच भरतील. ठरावाला मी हात वर केला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं म्हाताऱ्याने पंख्याला हात केला. पण मला खरोखर वाटत होतं की पत्रं लिहिणारं कुणी उरलं नसेल तर पत्रलेखक म्हणवून घेणं हा खोटेपणा आहे. मी जन्मभर शब्द कमीच करत आलो. आपला एक शब्द गेला म्हणून हळहळायचं, हे मला शोभलं नसतं.

"दोन गोष्टी," चिटणीसबाई म्हणाल्या. "एक, तुमच्यावर मी चौकट लिहिलीय. ऐका. 'एकतीस वर्षांत ज्यांना एकही शुद्धिपत्र छापावं लागलं नाही असे आमचे कात्रीकाका.' कसं वाटतंय? दुसरं, दिवंगत सभासदांची यादी आहे, त्रेचाळीस नावं. संगणकाने तुमच्या सगळ्या जुन्या सदरांतून शोधून काढलीत, एका दुपारात! नव्या नोंदणीत ती तशीच जाणार, शेवटच्या अंकात पूर्ण पान, आणि वार्षिक सभेत एकेक नाव वाचून सगळे उभे राहणार. तुमची एकदा नजर फिरली की झालं."

मी "बरं" म्हणालो. फोनवर मी बहुतेक वेळा बरंच म्हणतो. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन यादी उघडली. सव्विसाव्या क्रमांकावर तिचं नाव होतं.

तिला आम्ही प्रश्नचिन्ह म्हणायचो. तोंडावर सुद्धा, तिला आवडायचं. कुठल्याही सभेत, सगळे खुर्च्या मागे सरकवायला लागले की तिचा हात वर जायचा आणि ती अशी काही शंका काढायची की लोक पुन्हा बसायचे. औषध कंपनीच्या पत्रव्यवहार विभागाची ती प्रमुख होती, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, आणि मला कात्री हे नाव तिनेच दिलं होतं, मागचं 'काका' नंतरच्या पिढीने जोडलं. मी एखाद्या मजकुराकडे बघितलं की त्यातले तीन शब्द भीतीने आपणच पळून जातात, असं ती म्हणायची. मला या नावाचा अभिमान होता हे मी कधी कबूल केलं नाही. बुजऱ्या माणसाला आपलं कशाततरी नाव झालं आहे याचा केवढा आनंद असतो हे बोलक्या माणसांना कळायचं नाही. ती औषध कंपनी सोडून जहाज कंपनीत लागली, तेव्हा मी सदरात लिहिलं होतं: औषध कंपनीच्या पत्रव्यवहार विभागाच्या प्रमुख श्रीमती अमुक अमुक जहाज कंपनीत गेल्या. साधी, सरळ, एका वाक्याची बातमी. त्या महिन्यात अगदी ऐनवेळी आमच्या एका संस्थापक सभासदाच्या निधनाची बातमी आली. ती मी सदराच्या डोक्यावर घेतली, थोडी ऐसपैस लिहिली, आणि छापखान्यात बसलो असताना जुळणी करणारा म्हणाला, "साहेब, मजकूर ओळभर खाली लोंबतोय. जहाज कंपनीवाल्या बाईंची ओळ दुसऱ्या ओळीवर सांडलीय. दोन शब्द उडवा की." त्याच्या मागे आणखी दोघं उभे होते. "कात्री आलीय, आता बघ," त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला. मी पेन्सिल काढली. दोन शब्द उडवले. ओळ वर सरकली, पान बसलं, जुळणीवाल्याने मान डोलवली. मग मी पान मोठ्याने वाचून काढलं, नियमाप्रमाणे, आणि मला काहीही खटकलं नाही. छाटणाऱ्याचं हेच असतं. कागदावरून शब्द उडाले तरी ते त्याच्या डोक्यात जागच्या जागी असतात. तो वाचतो ते न छाटलेलं. छापून आलं ते असं: औषध कंपनीच्या पत्रव्यवहार विभागाच्या प्रमुख श्रीमती अमुक अमुक गेल्या. आणि बरोबर वरच्या ओळीत एका माणसाचं निधन.

पत्र दहा दिवसांनी आलं, विमा कंपनीच्या पत्त्यावर, माझ्या नावाने. मला ते तोंडपाठ आहे.

"सप्रेम नमस्कार. सातव्या पानावर तुम्ही मला घालवलंत. या आठवड्यात माझ्या आईकडे सात शोकपत्रं आली. त्यांतली पाच आपल्याच सभासदांची, मजकूर शब्दन् शब्द सारखा. बहुधा तुमच्या पुस्तिकेतला नमुना क्रमांक चौदा. आई म्हणाली, तुझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचतेय, हे आधी का नाही सुचलं यांना? मला राग आलेला नाही. शुद्धिपत्र छापू नका. मेलेली बाई जिवंत झाल्याची बातमी लांब होईल आणि तुम्ही ती छाटाल. संघाच्या वतीने दिलगिरीही नको. तुम्ही स्वतः ती ओळ पुरी करून मला पाठवा, एवढंच. मी गेले, पण कुठे? वाट पाहते."

वास्तविक दोन शब्दांचं काम. त्याच दिवशी करता आलं असतं. मी कागद घेतला आणि लिहिलं: आपले पत्र मिळाले. आभारी आहोत. मग थांबलो, कारण आभारी कोण आहोत? तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं: सदर चुकीबाबत कळविण्यात येते की. कोणाकडून कळविण्यात येते? तिने 'तुम्ही स्वतः' असं लिहिलं होतं आणि माझ्या लेखणीला तो माणूस माहीतच नव्हता. कंपनीत 'मी' म्हणायची मुभा नव्हती. तिथे 'आम्ही' होतं, 'हे कार्यालय' होतं, आणि सगळ्यांत सुरक्षित म्हणजे जिथे करणाराच सापडत नाही ती वाक्यं, करण्यात आले, घेण्यात आले, देण्यात येईल. बारा वर्षांच्या सदरातही 'मी' एकदाच आलं होतं, ते सुद्धा 'मीठ'मध्ये. आणि हे नुसतं नोकरीमुळे झालं असंही नाही. लग्न ठरल्यावर बायकोला जे पहिलं पत्र मी लिहिलं त्यात 'आपल्या संमतीची आनंदपूर्वक नोंद घेण्यात आली आहे' असं वाक्य होतं. ते पत्र तिने जपून ठेवलंय आणि घरी पाहुणे आले, गप्पा रेंगाळल्या, की ती ते काढते. पाहुणे लोटपोट होतात. मीही हसतो. पण प्रश्नचिन्हाला लिहायला बसलो तेव्हा मला हसू येईना, कारण त्या दोन शब्दांच्या मागे आणखी एक गोष्ट उभी होती.

ती गोष्ट चुकीच्याही आधी सहा वर्षांची. संघाच्या वार्षिक संमेलनात मला 'थोडक्यात लिहिणे' या विषयावर बोलायचं होतं. तीनशे माणसं. मी भाषण लिहून नेलं होतं, पण माझ्या आधीचा वक्ता बोलत असताना बाहेरच्या अरुंद बोळात, कोट टांगायच्या खुंट्यांखाली, मी ठरवून टाकलं की पळून जायचं. कुणाच्या तरी ओल्या लोकरी कोटाचा वास येत होता आणि तो वास सुद्धा मला परीक्षक वाटत होता. प्रश्नचिन्ह पाणी प्यायला बाहेर आली. माझ्याकडे बघून तिने काही विचारलं नाही, हे विशेष. फक्त म्हणाली, "तुमचं झाल्यावर मी शंका विचारणार आहे हं," आणि आत गेली. मग मला कसंबसं व्यासपीठावर नेऊन उभं करण्यात आलं, बघा, इथेही माझा कर्ता हरवला, मी गेलो, मी व्यासपीठावर गेलो आणि माझा आवाज निघेना. कागद समोर, तोंड उघडं, आवाज नाही. तेवढ्यात सभागृहाच्या मधोमध तिचा हात वर. "वक्त्यांनी सुरुवात करण्याआधीच एक शंका. पत्राचं पहिलं वाक्य लिहिताना भीती वाटते, तर दुसऱ्यापासून सुरुवात केली तर चालतं का?" लोक हसले. मी म्हणालो, "चालतं. पहिलं शेवटी लिहावं." आणि तिथून पुढे चाळीस मिनिटं मी कागदाकडे न बघता बोललो. आयुष्यात तेवढं एकच भाषण मला जमलं. तिचे आभार मी मानले नाहीत. संधी मिळाली नाही असं सहा वर्षं म्हणत राहिलो, आणि मग ज्या ओळीत तिला मानाने दुसरीकडे पोचवायचं होतं त्या ओळीत तिला मारून टाकलं. दोन शब्द लिहून पाठवले असते तर हे सगळं त्या दोन शब्दांच्या खाली तसंच राहिलं असतं आणि तिला ते दिसलं असतं. प्रश्न विचारणाऱ्या माणसांना ते दिसतं. म्हणून तिसरा दिवस उलटला, तेरावा उलटला, आणि पुढे उशीर हेच उत्तर न देण्याचं कारण होऊन बसलं. एक केलं. सदरात पुन्हा कधी 'गेले' हा शब्द वापरला नाही. रुजू झाले, बदली झाली, निवृत्त झाले, निधन झाले. एकोणीस वर्षं माझ्या सदरात कुणीही कुठेही गेलं नाही. ती सभांना यायची थांबली होती. तिची नवी कचेरी दूर होती म्हणून असेल, किंवा मेलेल्या बाईने सभेत हात वर केला तर लोक दचकतील म्हणून असेल.

यादी घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. बायको मटार सोलत होती. ती शाळेत गणित शिकवायची. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी तिच्या बोलण्यातला खडू अजून पुसला गेलेला नाही.

"सव्विसावा क्रमांक बघ," मी म्हणालो.

तिने बघितलं. पत्राची गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती. "अगंबाई! ही खरंच गेली?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"संगणकाने माझं सदर वाचलं. त्यात गेल्या असं आहे. त्याने मेल्या असं धरलं."

"त्याचं काय चुकलं? सात माणसांनीही तसंच धरलं होतं." तिने एक शेंग फोडली. "मग आता काय करणार आहात?"

"एकोणीस वर्षं झाली. आज तिचं वय धरलं तर... कदाचित यादी बरोबरही असेल."

"कदाचित?"

"म्हणजे मधल्या काळात ती खरोखरच गेली असेल तर चूक आपोआप दुरुस्त झालीय. कुणाला काही कळायचं कारण नाही. मी म्हणतो, आता जाऊ दे."

हे बोललो आणि माझ्याच कानांना ऐकू आलं. जाऊ दे. कोशातल्या पावणेदोन पानांत हा अर्थही आहे, मधेच कुठेतरी, सोडून देणे, आणि त्याच्याकडे माझं आजवर लक्ष गेलं नव्हतं. बायकोने हात पुसले.

"अहो, मुलं उत्तरपत्रिकेत शेवटचं उत्तर कुठूनतरी बरोबर आणायची. मधल्या पायऱ्याच नसायच्या. मी भोपळा द्यायची."

"अख्खा भोपळा?"

"अख्खा. उत्तर बरोबर आलं तरी ते तुमचं नाही ना! आणि ती जिवंत असेल तर? तिच्या हातात तो अंक पडेल, पूर्ण पानभर, आणि या खेपेला वरती तुमचं कौतुक छापलेलं. एकही चूक नाही म्हणे!" ती हसायला लागली, पण डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. "पायऱ्या दाखवा. मग गुणांचं बघू."

बुधवारी दुपारी मी संघाच्या खोल्यांत गेलो. जिन्याच्या भिंतीवर चष्मेवाल्याने अक्षरांचा तक्ता लावला आहे, वरती मोठी, खाली बारीक होत जाणारी. तीस वर्षं मी तो चढता चढता वाचतो आणि हल्ली तिसऱ्या ओळीपलीकडे जमत नाही. आत अर्धं सामान खोक्यांत भरलेलं होतं. भिंतीवरच्या अध्यक्षांच्या तसबिरी उतरवल्या होत्या आणि त्यांच्या जागी फिकट चौकोन उरले होते, एका रांगेत, सगळे सारख्याच आकाराचे. मला ते तसबिरींपेक्षा बरे वाटले. चिटणीसबाई खोक्यावर बसून मांडीवरच्या संगणकात काहीतरी भरत होत्या.

"या सर! फोनवर सांगितलं असतंत तरी चाललं असतं. यादी ठीक?"

"बेचाळीस ठीक आहेत." समोर तीनशे माणसं नव्हती, एकच बाई होती आणि तीही खोक्यावर, तरी तो ओल्या कोटाचा वास मला स्पष्ट आला. कुणी हात वर करणार नव्हतं. म्हणून मी दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात केली. "दोन शब्द उडवले गेले," मी म्हणालो, आणि थांबलो. "नाही. मी उडवले. दोन शब्द मी उडवले."

मग सगळं सांगितलं. जुळणीवाला, पेन्सिल, मागे उभे असलेले दोघं, नमुना क्रमांक चौदा. चिटणीसबाईंनी आधी ओठ दाबले, मग त्यांना आवरेना आणि त्या इतक्या हसल्या की मांडीवरचा संगणक घसरला. मीही हसलो. एकोणीस वर्षांत त्या गोष्टीवर मी पहिल्यांदा दुसऱ्या कुणासमोर हसलो. ती एवढी हसण्यासारखी आहे हे मला माहीतच नव्हतं.

"पण अडचण आहे सर," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आता नावापुढे 'दिवंगत' पडलंय. ते काढायचं तर दाखला जोडावा लागतो. तुम्ही शुद्धिपत्र कुठल्या अंकात छापलं होतं?"

"कुठल्याच नाही."

"मग मी दाखला कशाचा देऊ?"

"शेवटच्या अंकाचा. त्यात छापा. माझ्या नावाने."

त्यांचं हसणं ओसरलं. "सर, मग ती चौकट..."

"ती काढा."

"अहो, ती मी मनापासून लिहिलीय. नुसती एक ओळ बदलूया. 'क्वचितच शुद्धिपत्र' असं काहीतरी."

"काढाच," मी म्हणालो. "त्या जागेत शुद्धिपत्र बरोबर बसेल. मी मोजलंय." आणि माझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो सरळ होता.

त्यांनी संगणक मिटून ठेवला. मग उठून कोपऱ्यातलं एक लांबट लाकडी खोकं ओढलं. अंकांच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या. सदर मी लिहायचो, पण अंक टपालात टाकायचं काम पत्तेवाल्या बाईंचं. त्यांचं खोकं वेगळं, त्यांची शिस्त वेगळी, आणि मी 'हे नाव कमी करा' असं कळवल्याशिवाय त्या कुणाचंही नाव काढत नसत. प्रश्नचिन्हाचं नाव कमी करा असं मी कधीच कळवलं नव्हतं. म्हणजे एकोणीस वर्षं तिला अंक जात होता. परत आलेले अंक माझ्या टेबलावर यायचे, पत्ता बदलला, घर बंद, असे शिक्के घेऊन. तिचा एकही आला नव्हता. हे मला आधी का सुचलं नाही? सुचलं असणार. मी ते छाटलं असणार.

चिठ्ठी सापडली. जुन्या चिठ्ठीवर नवी डकवलेली, सहा वर्षांपूर्वीची, तिच्याच अक्षरात. मेलेल्या बाईने घर बदललं होतं आणि 'बदल'च्या संपादकाला त्याचा पत्ता नव्हता. नव्या पत्त्याखाली तिने लिहिलं होतं: "जिना झेपत नाही म्हणून खालच्या मजल्यावर आले. ही बातमी सदरात देऊ नये. मागची जड गेली."

मी ती चिठ्ठी खिडकीपाशी नेऊन वाचली. तीन वेळा. चिटणीसबाई मागून म्हणाल्या, "काय झालं सर?" मी म्हणालो, "काही नाही. अक्षर बारीक आहे." सहा वर्षांपूर्वी ती जिवंत होती, चेष्टा करत होती, आणि महिन्याच्या महिन्याला सातवं पान उघडून बघत होती. माझ्या सदरात कुणीच कुठे जात नाही हे तिच्या ध्यानात आलं नसेल असं कसं होईल? एकोणीस वर्षं मी तिला एक शब्द न लिहिता उत्तर देत आलो होतो आणि ते तिला मिळत होतं. पण मिळणं वेगळं. तिने पुरी ओळ मागितली होती.

शुद्धिपत्र तिथेच लिहून दिलं. ते असं: "एकोणीस वर्षांपूर्वी या पानावर मी एक बातमी छापली. श्रीमती अमुक अमुक जहाज कंपनीत गेल्या, अशी ती होती. ओळ बसावी म्हणून मी त्यातले 'जहाज कंपनीत' हे शब्द काढले. त्यामुळे त्या वारल्या असा समज झाला आणि मी तो एकोणीस वर्षं तसाच राहू दिला. चूक माझी आहे." चिटणीसबाईंनी शब्द मोजले आणि म्हणाल्या, "सर, तीन मी आहेत. एक काढू?" मी म्हणालो, "नको. बरेच साठले होते."

पत्र लिहायला गुरुवारची सगळी सकाळ गेली. कोश उघडला नाही. पाकीट काढून घेतल्यावर तो आता कुठे उघडतो ते पुढे कधीतरी बघेन. पहिलं वाक्य मोकळं सोडलं आणि दुसऱ्यापासून सुरुवात केली. बोळ लिहिला, खुंट्या लिहिल्या, तिने जे विचारलं नाही ते आणि जे विचारलं ते लिहिलं. नमुना चौदा पुढच्या आवृत्तीतून काढला होता हेही लिहिलं. शुद्धिपत्र छापू नका असं तुम्ही म्हणाला होतात, पण छापतोय. लांब झालंय, छाटलेलं नाही. माझं मन मधेमधे म्हणत होतं की हे पसरट होतंय, बाईला कंटाळा येईल, कदाचित पत्र वाचायला ती आता नसेलही. असू दे. उत्तर मी द्यायचं होतं, ते माझ्या हातात होतं. चार पानं झाली. मग सर्वांत वर, मोकळ्या जागेत, पहिलं वाक्य लिहिलं: मी तुमचे आभार मानायचा राहिलो आहे. आणि सर्वांत खाली, तिने मागितलेली ओळ, तिची ती, पुरी. बायकोने पानं वाचली. कुठे खूण केली नाही. फक्त दुसऱ्या पानावर, बोळापाशी, थोडी थांबली.

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"पायऱ्या दाखवा म्हणालीस ना."

"पूर्ण गुण," ती म्हणाली आणि चपला घालायला लागली. "चला, मीही येते. तुम्ही पेटीपर्यंत जाऊन परत याल, भरवसा नाही."

दुपारचा एक वाजत आला होता. मंगळवार, बुधवार, गुरुवार. चालताना मी बोटांवर मोजलं, तिसरा दिवस. निदान या खेपेचा. बेकरीच्या कोपऱ्यावर टपालपेटी आहे. तिचा रंग उन्हाने उडालाय, आणि आता तिच्यात कुणी काही टाकत नाही म्हणून तोंडाशी कोळ्याने जाळं केलंय. ते बोटाने बाजूला केलं. पाकीट जाड होतं, फटीत तिरपं धरावं लागलं. सोडलं. आत तळाशी पडल्याचा आवाज आला, बऱ्यापैकी मोठा.

"गेलं?" बायकोने विचारलं.

"गेलं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघून हसली. "कुठे?"

रस्त्यात उभा राहून मी तिला सगळा पत्ता सांगितला, एकही शब्द न गाळता. जुन्या बंदराच्या मागे, दीपगृहाचा रस्ता, डाव्या हाताचं तिसरं घर, खालचा मजला.